जोखमीचं कलम

पाहुण्या बाई ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या, त्यामुळे वहिनीला ओल्या हातांनीच दार उघडावं लागलं. पुढे धाकटा दीर, त्याच्या मागे उंच, करड्या केसांच्या बाई, आणि त्या दोघांच्या मागे गाडीतून उतरता उतरता फोनवर कुणाला तरी झापणारी ताई.

"वहिनी, दादा कुठाय?" ताईनं फोन कानावरून न काढताच विचारलं.

"कुठे असणार? पलीकडे. येतो म्हणालेत."

"येतो म्हणाला म्हणजे अजून हललाही नाही," ताई म्हणाली आणि परत फोनमध्ये शिरली.

पलीकडे म्हणजे बर्फाच्या कारखान्यात. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती. लग्न होऊन आल्यापासून त्या भिंतीतून येणारी कॉम्प्रेसरची घरघर वहिनीच्या कानात इतकी बसली होती, की माहेरी गेलं की तिला झोप लागायची नाही. सासरे, म्हणजे अप्पा, गेले त्या दिवशीसुद्धा कारखाना थांबला नव्हता. बंदरावर होड्या खोळंबल्या होत्या, आणि दादानं अप्पांना पोचवून आल्यावर कपडे बदलून थेट लाद्या काढायला घेतल्या होत्या. तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं, असं आई सांगायची.

अलीकडे मात्र कारखाना मधूनमधून गप्प व्हायचा. मोठ्या होड्यांनी स्वतःची बर्फाची यंत्रं बसवून घेतली होती. कामगार एकेक करून दुसरीकडे लागले; उरला तो जुना मिस्त्री, आणि तोही म्हणायचा की मी पगारासाठी नाही, सवयीनं येतो. वहिनीला ती शांतता खायला उठायची. म्हणून लशींच्या कोठाराची गोष्ट निघाली, तेव्हा घरात सगळ्यांत आधी हो म्हणाली ती वहिनीच.

गोष्ट तशी सरळ होती. नदीच्या वरच्या अंगाला पसरलेल्या गावांसाठी लशी साठवायला या भागात धड जागा नव्हती. जिल्हा रुग्णालयातल्या जुनाट फ्रिजांवर सगळा कारभार चालायचा. आता परदेशातली एक मदतसंस्था नवीन यंत्रं देणार होती, सरकार लशी आणि माणसं देणार होतं, आणि कारखान्यानं जागा द्यायची, यंत्रं चालवायची, सांभाळायची. तिघांची भागीदारी. गंमत अशी, की तिन्ही बाजूंना याच घरातली भावंडं होती. कारखाना दादाचा. ताई सरकारच्या आरोग्य खात्यात, जिल्ह्याच्या लसीकरणाची मुख्य डॉक्टर. आणि धाकटा त्याच परदेशी संस्थेत नोकरीला. विषय निघताक्षणी धाकट्यानं संस्थेला कळवून टाकलं होतं की हे माझंच घर आहे, निर्णयात मला धरू नका. म्हणून तर या बाई स्वतः आल्या होत्या. धाकट्याचं काम एवढंच, की इकडचं तिकडे सांगायचं आणि तिकडचं इकडे.

"एवढा शिकला, आणि शेवटी तोंडाचाच धंदा," ताई त्याला चिडवायची.

सही उद्या व्हायची होती. एक कलम तेवढं अडलं होतं.

*

दादा आला तो बाहीला हात पुसत. त्यानं बाईंना हसून मान लववली, खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलला, "मी वाचलंय ते कलम. वीज जाऊ दे, यंत्र बिघडू दे, चूक कुणाचीही असू दे, लस खराब झाली की भरपाई कारखान्यानं करायची. असंच आहे ना?"

"नेहमीचं कलम आहे, दादा. सगळ्या करारांत असतं," ताई म्हणाली.

"सगळीकडे असतं म्हणून ते बरं असतं का?"

"हे बघ, खात्याचं म्हणणं साधं आहे. माल ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची."

"आणि वीज कुणाच्या ताब्यात? माझ्या? तारा काय मी ओढल्यात गावभर?"

"तुझ्याकडे जनरेटर आहे की."

"आहे. अप्पांच्या वेळचा. त्याची मर्जी असली तर चालतो."

आवाज चढायला लागले तशी बाईंनी प्रश्नार्थक नजर धाकट्याकडे वळवली. धाकट्यानं घसा खाकरला आणि त्यांच्या भाषेत एक छोटंसं वाक्य सांगितलं. बाई त्यावर काहीतरी हळूच म्हणाल्या. धाकट्याचे कान लाल झाले.

"काय रे?" आईनं विचारलं. ती टेबलाच्या टोकाला बसून शेंगा सोलत होती.

"मी सांगितलं की कलमावर चर्चा चाललीये. त्या म्हणतात, मलाही दोन भाऊ आहेत, चर्चा आणि भांडण यातला फरक मला आवाजावरून कळतो."

आई खुदकन हसली आणि तिनं शेंगांची परडी बाईंच्या दिशेनं सरकवली. बाईंनी जराही न विचारता एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. त्यांना ते काम येत होतं. वहिनीला ही बाई तिथंच आवडली.

पण आवडण्याचा आणि सहीचा संबंध नव्हता, आणि वहिनीला सही हवी होती. ती चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "मी मध्ये बोलते म्हणून रागावू नका. पण बंद पडलेल्या कारखान्याकडे भरपाई मागायला येणार कोण? तो चालू राहणं महत्त्वाचं. करून टाका सही."

दादानं तिच्याकडे पाहिलं. "तूपण?"

"मीपण म्हणजे? मी तुमच्याच बाजूनं बोलतेय."

"बाजू माझी आणि मत ताईचं."

"वहिनी, दादाचं बरोबर आहे," धाकटा एकदम म्हणाला. "हे कलम चुकीचंच आहे. यंत्र आमचं, लस सरकारची, आणि बुडाला तर एकटा दादा? ही कसली भागीदारी?"

"तू गप रे," ताई उसळली. "तू दुभाष्या आहेस ना आज?"

"भाऊ पण आहे."

"मग भाऊ म्हणून तुझ्या संस्थेला सांग की वाटा उचला. दर वेळी खात्यालाच का वेठीला धरायचं? मी रोज त्या वरच्या साहेबांशी डोकं फोडते. कोठार नसेल तर गोवराची मोहीम या हंगामात होणार नाही, कळतंय का तुम्हाला? मागच्या वर्षी वरच्या गावांत काय झालं ते मी बघून आलेय. तुम्ही कुणी नाही बघितलं."

मागच्या वर्षी ताई त्या गावांतून परत आली होती तेव्हा बरेच दिवस नीट जेवत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "ताई, मोहीम व्हायला पाहिजे. मला ते कळत नाही असं समजू नकोस. पण एक सांगतो. या घरात काही बिघडलं की ते माझं असतं. अप्पांचा दम वाढला, ते माझं. मशीन बसलं, ते माझं. तुमच्या फिया, आईचं ऑपरेशन, सगळं माझं. मी कधी कुरकुर केली का? नाही केली. पण आजवर ते कुणी कागदावर लिहून त्याखाली माझी सही नव्हती मागितली."

धाकट्यानं या वेळी काही गाळलं नाही. दादाचा शब्द न् शब्द त्यानं बाईंना सांगितला. बाईंनी हातातली अर्धी सोललेली शेंग खाली ठेवली. त्या काही म्हणणार एवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला आणि ताईचा फोन वाजला.

*

फोन रुग्णालयातून होता. ताईनं ऐकून घेतलं, दोन-तीनदा "कधीपासून?" असं विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

रुग्णालयामागचा, आख्ख्या बंदराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. नवीन यायला निदान दोन दिवस. रुग्णालयाचा जनरेटर खटपट करूनही चालू होत नव्हता, आणि ज्या फ्रिजांमध्ये मोहिमेच्या सगळ्या लशी होत्या ते बंद पडले होते. राजधानीतलं कोठार एका दिवसाच्या रस्त्यावर. थंड पेट्या होत्या, पण त्यात निम्मासुद्धा साठा मावला नसता.

सरकारी नोकरीत ताईनं बरेच प्रसंग निभावले होते. पण आता ती ज्या टेबलाशी बसली होती, त्याच्या पलीकडे मोठा भाऊ होता आणि ज्याच्यावर आत्ताच ती आवाज चढवून बोलली होती त्याच्याकडे आता तिला मागायचं होतं.

तिला मागावं लागलंच नाही. दादा उभा राहिला होता.

"पेट्या, खोकी, किती आहे ते सगळं? टेम्पो एका खेपेत आणेल का?"

"दादा, पण ते कलम..."

"त्याला राहू दे इथंच टेबलावर. त्याला काही पाय नाहीत." तो दाराकडे निघाला आणि वळला. "बर्फात ठेवायच्या ना?"

"नाही, नाही!" ताई घाईनं म्हणाली. "बर्फात अजिबात नाही. यातल्या काही लशी गोठल्या की मेल्या. नुसत्या गार हव्यात. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही."

"मग लाद्यांच्या कोठीत नकोच. पुढच्या खोलीत ठेवू. लाद्या होडीवर चढवायच्या आधी तिथं थांबतात, घाम धरतात, पण तिथं पाणी कधी गोठत नाही. अंश काय असतात ते मात्र मला विचारू नकोस. मी कधी मोजले नाहीत."

"मी मोजते. मोजल्याशिवाय एक खोकं आत जाणार नाही."

"मोज की. तुझंच काम आहे ते."

बाई एव्हाना उठून धाकट्याला झपाट्यानं काहीतरी सांगत होत्या. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तोलून तोलून सांगितलं, "या लशी संस्थेनंच सरकारला दिलेल्या आहेत. नियमानं दादाची जागा अजून मंजूर झालेली नाही, म्हणून त्या परवानगी देऊ शकत नाहीत."

ताईचे डोळे बारीक झाले. "मग त्यांना सांग..."

"पुढचं ऐक ना. त्या म्हणतात, परवानगी मी देऊ शकत नाही, पण अडवणारही नाही. जागा तपासायची म्हणून मी तापमापक घेऊनच आलेय. लशी जोवर तिथं आहेत तोवर मी स्वतः बसून तापमान टिपून ठेवेन आणि खाली माझं नाव घालेन. उद्या कुणी विचारलं, तर त्यांनी मला विचारावं."

दादानं बाईंकडे नीट पाहिलं. जणू आत्ताच त्या दारातून आत आल्या होत्या. मग एवढंच म्हणाला, "त्यांना म्हणावं, आत फार गारठा आहे." आणि वहिनीला, "अगं, यांना काहीतरी अंगावर घ्यायला दे."

*

टेम्पो आला तेव्हा रुग्णालयाचा कारकून खोक्यांवर बसून घाम पुसत होता. माल कुणाच्या हवाली करायचा, सही कोण देणार, या प्रश्नानं तो हैराण झाला होता. खासगी जागेत सरकारी लस उतरवायची म्हणजे नोकरीवर बेतायचं, असं तो म्हणाला.

"आण इकडे," ताई म्हणाली. "मी सही करते. खाली लिही, माझ्या हुकमावरून. काय व्हायचं ते माझं होईल."

दादा तेव्हा पुढच्या खोलीचं जाड दार उघडून धरून उभा होता. ते वाक्य त्यानं ऐकलं. त्याला एकदम मोकळं वाटलं. मशीनचा पट्टा फार दिवस ताणून धरलेला असावा आणि कुणीतरी येऊन हळूच नट ढिला करावा, तसं.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा खोली जरा गरमच निघाली. आत लाद्याच कमी होत्या. मागणी नसल्यामुळे दादानं पुढे काढून ठेवल्याच नव्हत्या.

"अजून लाद्या लागतील," तो म्हणाला. "आतल्या कोठीतून ओढून आणायला लागतील. माणसं कुठायत पण? मी आणि मिस्त्री."

"आणि मी," धाकटा बाह्या वर करत म्हणाला.

"तुला जमायचं नाही रे. हात कापसाचे झालेत तुझे."

"बघच तू."

त्यानं भिंतीवरचा लोखंडी आकडा काढला, लादीत रोवला आणि जोर लावून ओढला. लादी आली, पण त्याच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर आली. धाकटा पाय घसरून ओल्या फरशीवर सपशेल बसला आणि लादी त्याच्या शेजारून डौलात निघून गेली. मिस्त्री तोंड फिरवून हसला. बाईंनी मात्र लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, त्या खळखळून हसल्या. आणि मग वहिनीची शाल कमरेला बांधून, खांद्यावर गोणपाट टाकून त्या दादासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकड्यासाठी हात पुढे केला.

"यांना सांग, हे काम..." दादा म्हणायला लागला.

"मी नाही सांगणार," धाकटा फरशीवरूनच म्हणाला. "आजच्या दिवस मी बोलणं बंद केलंय. कंबर दुखतेय."

मग ते सगळेच लाद्या ओढायला लागले. आकडा कसा तिरपा धरायचा, ओढायचं नाही तर सरकू द्यायचं, हे दादानं एकदा करून दाखवलं, आणि सगळ्यांत आधी ते वहिनीला जमलं. इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडे राहून ती या खोलीत काम करायला कधी आली नव्हती. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. आता तिच्या गालांवर गारठ्यानं लाली चढली होती, आणि दादा मधूनच तिच्याकडे बघत होता, हे ताईच्या नजरेतून सुटलं नाही.

खोलीच्या एका टोकाला लाद्या रचल्या, दुसऱ्या टोकाला लाकडी मांडणीवर लशींची खोकी. बाई मधोमध स्टुलावर बसल्या. तापमान खाली आलं, तसं ते फारच खाली जायला लागलं. "मागे घ्या, मागे घ्या!" ताई ओरडली, आणि एवढ्या मेहनतीनं आणलेल्या लाद्यांपैकी काही परत आत ढकलाव्या लागल्या. मग दार थोडं उघडायचं, थोडं लावायचं. ताई तापमान वाचायची, दादा दाराशी उभा राहून तिच्या आवाजावर ते हलवायचा. हळूहळू दोघांचा मेळ बसला. शेवटी काटा पाचाच्या आसपास येऊन टेकला आणि तिथंच राहिला.

बाईंनी वर पाहिलं, मान डोलावली, आणि आपल्याला येत असलेल्या मोजक्या शब्दांतला एक शब्द उच्चारला. "छान."

*

वीज अजून आली नव्हती. होड्यांवर लाद्या चढवायच्या कट्ट्यावर ताई पाय खाली सोडून बसली होती. तिच्या ऑफिसच्या कपड्यांची पार वाट लागली होती. दादा शेजारी येऊन बसला. बंदरावर दुपारचं ऊन उतरायला लागलं होतं, आणि मिस्त्री पाण्यानं फरशी धूत होता.

"हात बघू," दादा म्हणाला. ताईनं तळवे पुढे केले. आकड्याच्या दांड्यानं लाल वळ उठले होते. "उद्या फोड येतील. वहिनीला सांग, काहीतरी लावून देईल."

"दादा, डॉक्टर मी आहे."

"हां. विसरलोच."

दोघं हसली. मग ताई म्हणाली, "एक बोलू? मला नोकरी लागली ना, त्या दिवशी तुला काहीतरी सांगायचं ठरवून घरी आले होते. तू कुठल्या तरी होडीवर होतास. मग सांगायचं राहिलं, आणि नंतर इतकी वर्षं झाली की सांगायला कसंतरीच वाटायला लागलं."

"काय सांगायचं होतं?"

"थँक्यू. दुसरं काय?"

दादा पाण्याकडे बघत राहिला. "त्यात काय एवढं," तो म्हणाला.

"त्यातच तर आहे सगळं. लाद्या तू ओढल्यास आणि पदवी मला मिळाली. त्याला पण. आज एक दिवस ओढल्या तर माझे खांदे गेलेत."

"ताई, मी काय सांगतो ऐक. मला कधी वाटलं नाही की तुम्ही काही द्यावं म्हणून. खरंच नाही. तू त्या गावांतल्या पोरांना सुया टोचत फिरतेस ना, कुणी विचारलं तर मी सांगतो, ती माझी बहीण. त्याचं सुख मला होतंच. पण आज तू त्या कारकुनाला म्हणालीस, काय व्हायचं ते माझं होईल. ते वाक्य मी आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नेहमी मीच म्हणायचो. फार बरं वाटलं गं."

ताईला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात बर्फानं आणि गंजानं माखलेले होते. तिनं खांद्यालाच डोळे पुसले.

धाकटा आणि बाई कट्ट्यावर आले ते तेव्हाच. थोडा वेळ वहिनीनं बाईंच्या जागी स्टुलावर बैठक मारली होती. बाई उभ्यानंच बोलल्या, आणि धाकटा वाक्य वाक्य सांगत गेला.

"त्या म्हणतात, हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांच्या ऑफिसात वीज कधी जात नाही. त्या स्वतःही तिथंच बसतात. दूर बसून सुरक्षित वाटतं ते कलम, म्हणून कुणी प्रश्न विचारला नाही. त्या एकट्या ते खोडू शकत नाहीत. पण या कागदावर त्या सही होऊ देणार नाहीत. जोखमीचा एक वाटा संस्थेनं घ्यावा असं त्या कळवणार आहेत. नाही ऐकलं तर पुन्हा कळवणार आहेत."

"वीज गेल्याची जोखीम खात्याची," ताई म्हणाली. "ते मी बघते. साहेबांना इथं आणून एक लादी ओढायला लावते."

"आणि माझी?" दादानं विचारलं.

"यंत्र नीट ठेवायची. तेवढीच."

"तेवढी तर मी आनंदानं घेईन," दादा म्हणाला. आणि मग धाकट्याला, "त्यांना सांग... अं... काय सांगतोस ते नीट सांग. आमच्याकडे मोठमोठी माणसं येऊन गेली, अप्पांच्या वेळेपासून. फोटो काढून गेली. गोणपाट खांद्यावर घेणारं कुणी नव्हतं आलं."

धाकट्यानं ते सांगितलं. बाईंनी मान खाली घातली. मग त्या जे म्हणाल्या ते धाकट्यानं सांगितलंच नाही. तो फक्त म्हणाला, "त्याही आभार मानतायत."

करार व्हायला पुढे बराच काळ गेला. खात्यातल्या साहेबांनी आधी ताईलाच नोटीस धाडली, की खासगी जागेत माल हलवला कुणाला विचारून. ताईनं उत्तराला बाईंचा अहवाल जोडला आणि ती कशालाही बधली नाही. संस्थेच्या मुख्य कार्यालयानं दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा हो. शेवटी जोखीम तिघांत वाटली गेली. नवीन यंत्रं आली, कामगार परतले, आणि लहान होड्यांसाठी लाद्या निघत राहिल्या. पण लशी त्याच्या आधीच निघाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या पुढच्या खोलीतून थेट नावेनं वर गेल्या, एकही बाटली वाया न जाता, आणि त्या हंगामात वरच्या गावांमधून गोवराची बातमी आली नाही.

त्या दिवशी मात्र हे काहीच कुणाला माहीत नव्हतं. पहारा करायचा होता एवढंच माहीत होतं. ताईनं पाळ्या लावल्या आणि त्यात दादाचं नाव घातलंच नाही. तो कुरकुरला, तेव्हा वहिनीनं त्याच्या हातातला आकडा काढून घेतला आणि त्याला दारापर्यंत नेऊन सोडलं.

दिवेलागणीच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात आली. "ताटं घेऊ का? तो कुठाय?"

"आडवे झाले जरा," वहिनी म्हणाली. "बघायला गेले तर घोरतायत."

"आत्ता? भर संध्याकाळी?"

"मलाही नवल वाटलं. बूट सुद्धा काढले नाहीत."

आई खोलीत डोकावली. थोरला मुलगा भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा. तिनं त्याचे बूट काढले. त्याला जाग आली नाही. मग ती अंगणातून कारखान्याकडे गेली. पुढच्या खोलीतून ताईचा आणि धाकट्याचा आवाज येत होता. पुढची लादी कुणी हलवायची यावरून जोरात जुंपली होती, आणि बाई दोघांच्या मध्ये बसून काट्यावरची नजर न हलवता हसत होत्या.

आईनं जाड दार जरासं उघडलं.

"हळू भांडा रे," ती म्हणाली. "दादा झोपलाय."